दोन-तीन वर्षांसाठीच : इंदूरकर इच्छुकांसाठी मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका इंदूर आणि परिसरातल्या (महू, देवास, धार धरून) अशा मराठी कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्यातल्या एका तरी सदस्याने जेवताना "दोन-तीन वर्षांसाठीच जाऊन येतो" असं जाहीर केलं आहे. या सदस्यास यापुढे 'इच्छुक' म्हटलं जाईल. घरात त्याला काय म्हटलं जाईल, ते परिस्थितीवर अवलंबून आहे.

घाबरू नये. या कामाचा अनुभव घराण्यात आहे. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या मागोमाग आपली माणसं माळव्यात आली ती मोहिमेपुरती. वसुली झाली की परतायचं होतं. पुढे वाडे झाले, गणपती बसू लागले, नाटकमंडळं निघाली, आणि परत जाण्याचा विषय अजून कुणी अधिकृतपणे बंद केलेला नाही. येतानाच राहण्याचाही विचार मनात असणं याला अमेरिकी कायद्यात 'दुहेरी हेतू' म्हणतात, आणि काही व्हिसांना तो चालतो. आपल्याला तो सुमारे तीनशे वर्षांपासून चालत आलेला आहे.

कामाच्या तात्पुरत्या व्हिसाबद्दल एक गोष्ट सर्वांत आधी पाठ करावी: तो बहुधा आपला नसतो. पासपोर्ट आपला, फोटो आपला, पेढे आपले. मागणी मात्र कंपनीची. अमेरिकेच्या एच-वन-बीमध्ये कंपनी नोंदणी करते, कंपनी अर्ज भरते, आणि कंपनीने नोकरीवरून काढलं तर नवी सोय बघायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. दरवर्षी ६५,००० जागा, शिवाय तिथल्या विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. इच्छुक त्याहून फार जास्त, म्हणून सोडत. नोंदणी मार्चमध्ये असते. त्याच सुमारास राजवाड्यावर रंगपंचमीची गेर येते. सोडतीत इच्छुकाने करण्यासारखं काहीच नसल्यामुळे त्याने खुशाल गेरला जावं. नंबर लागला तर काम १ ऑक्टोबरपासून, तीन वर्षं, वाढवून सहा. मधल्या काळात ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज मंजूर झाला आणि भारतीयांच्या रांगेमुळे पुढचं अडलं (कुठल्याही एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही), तर सहा वर्षांनंतरही मुदत तीन-तीन वर्षांनी वाढत राहते. माणूस तिथे घर घेतो, मुलं तिथल्या शाळेत फुटबॉल खेळतात, आणि कागदावर तो तात्पुरताच असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. ते कंपनीने भरायचं आहे. इतके पैसे आपल्यावर कोण घालवील, याचा इच्छुकाने एकांतात विचार करावा. आईला विचारू नये, ती हो म्हणेल.

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस किंवा इन्फोसिसच्या आवारात बसणाऱ्याने एल-वनची चौकशी करावी. त्याला सोडत नाही. कंपनीत सलग एक वर्ष काढलेलं असलं की तीच कंपनी आपल्या तिकडच्या शाखेत पाठवू शकते. विशेष ज्ञान असेल तर पाच वर्षांपर्यंत, व्यवस्थापक असाल तर सातपर्यंत. अट एवढीच की त्या व्हिसावर दुसऱ्या कंपनीत उडी मारता येत नाही. तेव्हा साहेबांशी पहिल्या वर्षी भांडू नये. नंतर तर नाहीच.

इथे वधूपक्षासाठी खास सूचना. एल-वनवाल्याच्या बायकोला तिथे नोकरी करता येते. एच-वन-बीवाल्याच्या बायकोला, नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक पायरी गाठेपर्यंत, घरी बसावं लागतं; तीही इंजिनियर असली तरी. २०१५ पर्यंत बहुतेकींना तेवढीसुद्धा सोय नव्हती. 'मुलगा अमेरिकेत असतो' एवढ्यावर ज्यांनी पत्रिका पुढे सरकवली, त्यांच्या कितीतरी सुशिक्षित मुलींची उमेदीची वर्षं न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात गेली. यापुढे पगार विचारण्याआधी एकच अक्षर विचारावं: एच की एल?

गुणमेलनाची सवय असलेल्यांना जर्मनी जवळची वाटेल. १ जून २०२४ पासून तिथे 'शान्सेनकार्टे' नावाची सोय आहे: हातात नोकरी नसताना वर्षभर जाऊन ती शोधायची, दरम्यान आठवड्याला वीस तास काम करता येतं. पदवी किंवा व्यवसाय शिक्षण हवं, वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो, आणि सहा गुण जुळावे लागतात. आपल्याकडे छत्तीसातले अठरा लागतात, त्यामानाने मंडळी उदार आहेत. वय पस्तिशीच्या आत असेल तर दोन गुण, चाळिशीपर्यंत एक. जर्मन येत असेल तर तीनपर्यंत. आणि सोबत येणारा जोडीदारही याच अटींत बसत असेल तर एक गुण जास्त. म्हणजे लग्न कर म्हणून मागे लागलेल्या आत्याला आता जर्मन सरकारचं पाठबळ आहे. मंगळाची चौकशी अद्याप होत नाही.

ब्रिटनवर वेळ घालवू नये. २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगाराच्या व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड, वर आरोग्यसेवेचा अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड. ज्याला हे परवडतं त्याला मार्गदर्शिका लागत नाही.

आखाताचं निराळं. दुबई-शारजाला इंदूरहून थेट विमानं सुरू झाली, तेव्हापासून तिकडे जाणं म्हणजे भोपाळला जाण्यासारखं बोललं जातं. पण दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ईसीआर असतं, आणि आखाती देशांसह अठरा देशांत कामाला जाण्याआधी त्याला सरकारची परवानगी काढावी लागते. मध्येच एजंट भेटतो. "भिया, अपना आदमी है वहाँ," असं तो म्हणेल. त्या आदमीचं नाव न विचारता एजंटाचा परवाना क्रमांक विचारावा आणि तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून बघावा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाहीत. "आत्ता फिरायच्या व्हिसावर जा, तिथे बदलून देतो" हे वाक्य आलं की चहा अर्धा टाकून उठावं. मदतनीसाची नोकरी म्हणून रशियाला गेलेली काही भारतीय मुलं थेट युद्धाच्या आघाडीवर पोचली, हे २०२४ मध्ये उघड झालं. इथे विनोद करता येत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये सतरावा प्रवासी भारतीय दिवस इंदूरलाच झाला. त्यात सुरक्षित आणि शिकून जाण्याचा संदेश देणारं टपाल तिकीट निघालं. उद्घाटनाच्या दिवशी सभागृह भरलं आणि कित्येक परदेशस्थ पाहुणे बाहेरच राहिले. मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. जागा मर्यादित असल्या की काय होतं, याचं इतकं चोख प्रात्यक्षिक दुसऱ्या शहराला जमलेलं नाही.

कागदपत्रांबाबत: जन्मदाखला हिंदीत असतो आणि हिंदीत ळ नसतो, म्हणून घरचे गोळे सरकारदरबारी गोले असतात. आईचं लग्नाआधीचं नाव, वडिलांच्या नावातला 'राव', पदवीवर असलेला आणि पासपोर्टवर नसलेला, हे सगळं मुलाखतीच्या आदल्या रात्री अवंतिका एक्स्प्रेसमध्ये आठवतं. त्याआधी आठवावं. अमेरिकी वकिलात मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात आहे; बोटांचे ठसे निराळ्या दिवशी, निराळ्या ठिकाणी.

मुलाखतीत एच-वन-बीवाल्याला "परत येणार का?" याचा पुरावा द्यावा लागत नाही, दुहेरी हेतू मान्य आहे. पुढे सुनेच्या बाळंतपणासाठी निघालेल्या त्याच्या आईला मात्र पर्यटक व्हिसासाठी आपण नक्की परतणार हे पटवावं लागतं. जो येणार नाही त्याला कुणी विचारत नाही. जिला तिसऱ्या आठवड्यातच घरच्या तुळशीची काळजी लागते, तिने घराची कागदपत्रं आणि पेन्शनचं पासबुक घेऊन रांगेत उभं राहायचं.

पूर्वी वाहतूक उलट होती, हेही इच्छुकाने माहीत करून घ्यावं. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल लिहिला. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगाला देऊन गेले. बर्लिनचा एकार्ट मुथेसियस विशीत असतानाच माणिकबाग महाल बांधायला लागला. या कुणाचाही सोडतीत नंबर लागला नव्हता. प्रायोजक महाराज होते. मात्र प्रायोजकावर विसंबण्याचे तोटे तेव्हाही होते. शिल्पकार ब्रांकुशी १९३७-३८च्या हिवाळ्यात यशवंतराव होळकरांसाठी मंदिर उभारायचं म्हणून पॅरिसहून इथे आला आणि काम सुरूच न होता परत गेला. आजच्या भाषेत प्रोजेक्ट होल्डवर गेलं.

ऑस्ट्रेलियाचा विचार असणाऱ्यांसाठी शेवटची नोंद. तिथला कुशल कामगारांचा तात्पुरता व्हिसा डिसेंबर २०२४ मध्ये नव्या नावाने आला. मुदत चार वर्षांपर्यंत, कंपनीचं प्रायोजकत्व आवश्यक. इंदूरहून तिकडे कायमचं वास्तव्य मिळवलेल्यांत सर्वांत यशस्वी प्रकरण याच ब्रांकुशीच्या दोन संगमरवरी पक्ष्यांचं, एक काळा, एक पांढरा. यशवंतरावांनी विकत घेतलेले हे पक्षी १९७३ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले आणि ते तिथेच आहेत. वय, इंग्रजी, पगार, काही विचारलं गेलं नाही. माणिकबागेत आता केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. पक्ष्यांनी नेमका कोणता अर्ज भरला होता, याची चौकशी तिथे करू नये.