नवशिक्यांसाठी हर्मीस

ग्रीक देवांकडून जगण्याचे धडे घ्यायचे म्हटलं की लोक सरळ अपोलोकडे जातात. डेल्फीच्या त्याच्या देवळात 'स्वतःला ओळख' असं कोरलेलं होतं, 'अति करू नकोस' असंही होतं. शिवाय देव दिसायला देखणा. पहाटे उठून वहीत संकल्प लिहिणाऱ्यांनी खुशाल त्याच्याकडे जावं. ज्यांना महिनाअखेरीस हप्ता भरायचाय, साहेबाला उत्तर द्यायचंय आणि थोरल्या भावाच्या सावलीतून एकदाचं बाहेर पडायचंय, त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम आहे.

गुरू : हर्मीस. देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा, माया नावाच्या एका लाजऱ्या वनदेवतेच्या पोटचा. त्याच्याकडची खाती : व्यापार, प्रवास, सीमा, निरोप, गुरंढोरं, मेलेल्यांची पोचवणी आणि चोरी. शेवटचं खातं कुणी लपवून ठेवलेलं नाही. पाठ्यपुस्तक म्हणजे होमरच्या नावावर खपणारं, पण होमरचं नसलेलं ५८० ओळींचं एक स्तोत्र. स्तोत्र म्हटल्यावर लगेच हात जोडू नका. यातला देव जन्मल्या दिवशी गुरं चोरतो, तोंडभर शपथा घेतो आणि थोरल्या भावाच्या, म्हणजे अपोलोच्याच, हातात असताना पादतो.

पाठ पहिला : जन्माचा दिवस वाया घालवू नये

वेळापत्रक असं : पहाटे जन्म, दुपारी गायन-वादन, संध्याकाळी गुरंचोरी. तिथी चांद्रमासाची चौथी. (चतुर्थीला जन्मलेला हुशार देव आपल्याला नवा नाही. पण हा निव्वळ योगायोग आहे. त्यावर ग्रंथ लिहायला बसू नये.) स्थळ आर्केडियातल्या किल्लेनी पर्वतावरची गुहा. पाळणा म्हणून धान्य पाखडायचं सूप.

बाळ सुपातून उठून दाराशी येतं, तर समोर कासव. नवशिक्याला कासव दिसलं की कासवच दिसतं. हर्मीसला त्यात वाद्य दिसलं. कासवाचं त्याने हसून तोंडभर कौतुक केलं, आत नेलं आणि मारलं. कवचात बोरूच्या काड्या बसवल्या, वरून बैलाचं कातडं ताणलं, दोन दांडे, एक आडवी पट्टी, मेंढीच्या आतड्याच्या सात तारा. लायर तयार. पहिलं गाणं कोणतं म्हणाल, तर स्वतःच्याच जन्माचं : आईबापांचं प्रेम कसं जमलं, घरी दासी किती, भांडीकुंडी कोणती. राहायला गुहा, पण गाण्यात वाडा. ओळख करून देताना घर थोडं सजवून सांगावं, एवढं इथे टिपून घ्या. गाता गाता त्याचं मन मात्र मांसाकडे लागलं होतं.

पाठ दुसरा : पाऊलखुणा

अपोलोची गुरं पिएरियात चरत होती. हर्मीसने त्यातल्या ५० गायी वेगळ्या काढल्या आणि उलट्या चालवल्या, म्हणजे खुरांचे ठसे कुरणाबाहेर न जाता कुरणाकडेच येताना दिसावेत. स्वतःच्या पायांना झाऊच्या आणि मर्टलच्या डहाळ्या विणून बांधल्या. दुसऱ्या दिवशी अपोलो ते ठसे बघून चक्रावला : माणसाचे नाहीत, लांडग्याचे नाहीत, अस्वलाचे नाहीत, सिंहाचे नाहीत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. या मुलाचे पाय पाळण्यातच होते, ठसे तेवढे दुसऱ्या मुलखात.

इथे एक सावधगिरी. वाटेत ओंखेस्तोसला एक म्हातारा द्राक्षमळ्यात काम करत होता. हर्मीसने त्याला, पाहिलंस ते विसर, असं बजावलं आणि मोबदल्यात भरघोस पिकाचं नुसतं तोंडी आश्वासन दिलं. अपोलो आल्यावर म्हाताऱ्याने सगळं सांगून टाकलं. ओव्हिड या रोमन कवीने हीच गोष्ट सांगताना म्हाताऱ्याला एक गाय लाच दिली आहे. मग देव वेष पालटून परत येतो, दुप्पट देऊ करतो, म्हातारा लगेच बोलतो आणि जागच्या जागी दगड होतो. लाच द्या, न द्या, शेतातल्या म्हाताऱ्याला सगळं दिसतं हे गृहीत धरूनच बेत आखावा.

अल्फिओस नदीकाठी पोचल्यावर त्याने काठीवर काठी घासून विस्तव केला, दोन गायी कापल्या, मांस भाजलं आणि त्याचे १२ वाटे घातले. बारा वाटे बारा देवांचे आणि बारावा देव तो स्वतःच, असा अभ्यासकांचा तर्क आहे. देवांच्या पंगतीचं आमंत्रण अजून आलेलं नाही आणि गडी स्वतःचं पान मांडून मोकळा! वासाने जीव कासावीस झाला, पण एक तुकडा तोंडात टाकला नाही. मांस खाणं माणसांचं. देवांना पोचतो तो धूर. ज्या पदावर बसायचंय त्या पदाची पथ्यं आदल्या रात्रीपासून पाळायची, हे चोरांत तर सोडाच, उमेदवारांतही क्वचित दिसतं.

मग घरी. दार न उघडता, कडीच्या भोकातून, शरदातल्या वाऱ्याच्या झुळकीसारखा आत. आईने झापलं. त्यावर एक दिवसाच्या बाळाचं उत्तर असं, की या अंधाऱ्या गुहेत कुढत बसण्यापेक्षा देवांत श्रीमंतीने राहिलेलं बरं. बापाने मान दिला नाही तर मी चोरांचा नायक होईन आणि डेल्फीचं देऊळ फोडून तिथली सोन्याची भांडी आणीन. एवढं सांगून दुपट्यात गुरफटून झोपला.

पाठ तिसरा : सापडल्यावर

सापडणारच. या अभ्यासक्रमात ते धरूनच चाललेलं आहे. न सापडण्याचा वर्ग आम्ही घेत नाही.

अपोलो आला. बाळाने डोळे चोळत सांगितलं, मी कालचं पोर, माझे तळवे मऊ, जमीन टणक, गाय म्हणजे काय तेही नुसतं ऐकून माहीत. अपोलोने त्याला उचललं. तेव्हा बाळाने पोटातून एक शकुन सोडला आणि वर शिंकलं. अपोलोने ते खाली ठेवलं. (ही युक्ती कचेरीत करू नये, एक दिवस वयाच्या आरोपीलाच शोभते.)

प्रकरण झ्यूसपुढे गेलं. तिथे हर्मीसने जे सांगितलं ते जपून वाचण्यासारखं आहे : मी गायी घरी नेल्या नाहीत, उंबरठाही ओलांडला नाही. दोन्ही अक्षरशः खरं. गायी नदीकाठच्या गुहेत होत्या आणि हा घरात आला होता कडीच्या भोकातून. आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्याबद्दल धर्मराजाचा जमिनीला न टेकणारा रथ खाली आला. तिकडे बाप खो खो हसला आणि म्हणाला, गायी कुठे आहेत ते दाखव.

आता अभ्यासक्रमाचा गाभा. गायी दाखवल्या, अपोलो चिडलेला, आणि अशा वेळी कुठलाही सज्जन माणूस माफी मागेल. हर्मीस माफी मागत नाही. तो लायर काढतो आणि वाजवायला लागतो. संगीताचा देव म्हणवणारा अपोलो ऐकत राहतो, विरघळतो आणि म्हणतो, ही वस्तू ५० गायींच्या तोडीची आहे. आकडा बघा. चोरी नेमकी तेवढ्याचीच झाली होती. लायर अपोलोला, गुरं आणि चाबूक हर्मीसला. चोरीचा झाला सौदा, आणि फिर्यादी खूश. मग पठ्ठ्याने स्वतःसाठी वेळूचा पावा बनवला. अपोलोला खरी धास्ती वाटली ती तेव्हा. लायर आणि धनुष्य चोरणार नाही अशी शपथ त्याने आधी घेववली.

तेव्हा नवशिक्यांनी गुन्ह्याची तयारी दुय्यम समजावी. ज्याचं नुकसान होणार त्याला काय हवंसं वाटेल ते हेरून, ती वस्तू सकाळीच काखेत धरून निघावं. कासव आधी, गायी नंतर.

पाठ चौथा : स्वतःचा बाजारभाव विचारू नये

इसापने सांगितलंय. हर्मीस माणसाच्या वेषात मूर्तिकाराच्या दुकानात गेला. झ्यूसची किंमत विचारली, त्याच्या बायकोची, हेराची, विचारली. मग स्वतःच्या मूर्तीकडे बोट दाखवलं. आपण व्यापाराचे देव, जास्तच असणार. मूर्तिकार म्हणाला, त्या दोन घेतल्यात तर ही वर फुकट.

पाठ पाचवा : कुऱ्हाड

लाकूडतोड्याची कुऱ्हाड नदीत पडते आणि जलदेवता सोन्याची, मग चांदीची कुऱ्हाड वर काढते, ही गोष्ट मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. मूळ ग्रीक गोष्टीत नदीतून वर येतो तो हर्मीस. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याची देवी झाली, आणि झालं ते ठीकच. प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यायला चोरांचा देव बसलाय, हे गुरुजींना चौथीच्या वर्गापुढे सांगणं जड गेलं असतं. पण परीक्षक म्हणून तोच योग्य. खोटं बोलणारा दुसरा लाकूडतोड्या त्याला फसवणार कसा? त्या विद्येचं विद्यापीठच समोर उभं.

पाठ सहावा : हुशारीचे तोटे

दुसऱ्या शतकातल्या ल्युशन या लेखकाने हर्मीसला आईपुढे रडगाणं गाताना दाखवलंय. उठल्या उठल्या जेवणाची जागा झाडायची, बैठका नीट मांडायच्या, झ्यूसचे निरोप घेऊन वर-खाली धावायचं, धूळ झटकायच्या आत पंगतीत वाढायचं. बाकीचे देव रात्री झोपतात तेव्हा मेलेल्यांना पाताळात नेऊन पोचवायचं. सगळं येतं म्हणून सगळं याच्याच गळ्यात. आई काय म्हणाली? बाप सांगेल ते कर, पळ लवकर, नाहीतर फटके खाशील. आईकडे रजा मागू नये.

प्रात्यक्षिक

अखायातल्या फारे गावच्या बाजारपेठेत हर्मीसची चौकोनी, दाढीवाली, बेताची दगडी मूर्ती होती. दुसऱ्या शतकातल्या पावसानियास या प्रवाशाने तिथे कौल कसा घेतात ते लिहून ठेवलंय. कोकण-गोव्यात कौल लावायला गुरव लागतो. पावसानियासच्या वर्णनात मधला माणूसच नाही. संध्याकाळी यायचं. समोरच्या वेदीवर धूप घालायचा, तिला शिशाने जोडलेल्या ब्राँझच्या दिव्यांत तेल घालून ते पेटवायचे. मूर्तीच्या उजवीकडे गावात चालणारं तांब्याचं नाणं ठेवायचं आणि देवाच्या कानात प्रश्न कुजबुजायचा. मग दोन्ही कान घट्ट दाबून बाजारातून चालत बाहेर पडायचं. बाहेर आल्यावर हात काढायचे; जे पहिलं बोलणं कानावर पडेल तोच देवाचा कौल.

प्रश्न एकच विचारा. नाणं एकच ठेवलंय. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर नुसती मान हलवा. आणि बाजार पूर्ण संपेपर्यंत कान उघडू नका, नाहीतर लग्न करू की नको याचं उत्तर म्हणून कांद्याचा भाव घेऊन घरी जावं लागेल.