माहेर विमा कंपनी (अनलिमिटेड)

कुंभार पिंपळगावात कशाचाही भाव विचारा, पारावर बसलेला माणूस तंबाखू मळता मळता सांगतो. मोसंबी टनाला काय, कापूस क्विंटलला काय, उसाला कारखाना काय देतो म्हणाला आणि काय देणार, सगळं तोंडपाठ. बाळंतपणाचा भाव मात्र कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. "नॉर्मल झालं तर एवढे, सिझर झालं तर तेवढे, आणि बाळाला काचेत ठेवावं लागलं तर मग बघू." या 'मग बघू'मध्ये आमच्याकडची एकरभर काळी जमीन सहज बसते.

तरीही घरोघर पाळणे हलत आले, कारण साहेबाच्या विमा कंपन्या इकडं फिरकायच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडं एक देशी कंपनी आहे. तिचं नाव माहेर. पहिलं बाळंतपण तिच्याकडं. प्रतीक्षा कालावधी नाही, जुने आजार चालतात, बाळाला पहिल्या टाहोपासून संरक्षण, सोबत आलेल्या नणंदेच्या चहापाण्याचाही क्लेम मंजूर. हप्ता ग्राहकानं भरायचा नसतो. तो कंपनीच भरते, दर दिवाळीला आणि संक्रांतीला. अधिक महिना आला की जावयाला धोंड्याचं जेवण घालून वर बोनसही तीच देते. विम्याची कमाल रक्कम किती, ते विहीणबाईंनी अजून सांगितलेलं नाही. कंपनीचा एकमेव संचालक म्हणजे मुलीचा बाप. कंपनी अडचणीत आली की तो पीककर्ज काढतो. बँकेच्या दप्तरी ते पैसे मोसंबीच्या खताला गेलेले असतात, प्रत्यक्षात डिंकाच्या लाडवांना.

शेजारच्या जांब समर्थचे नारायण ठोसर 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून निघाले आणि पुढं रामदास झाले, असं सांगतात. त्यामागं वैराग्य होतं हे मान्यच. पण लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं ऐकताना मला वाटून गेलं की ही सूचना खरं तर नवरीच्या बापासाठी असावी. त्याला पळता येत नाही, कारण मंडपाचं बिल त्याच्याच नावावर असतं.

लेकीला दिवस गेले आणि चाकणहून जावईबापूंचा फोन आला, "मामा, अजिबात काळजी करू नका. आमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मॅटर्निटी आहे. पन्नास हजारांपर्यंत कॅशलेस." मी आनंदानं पारावर चहा सांगितला. घरी येऊन आईला म्हणालो, दवाखान्यात पैसे द्यायची गरज नाही. तिनं चष्म्यावरून पाहिलं. "पैशे घेत न्हाईत? मंग काय घेतेत, तूर?"

मी निवृत्त मास्तर. समोर कागद आला की लाल पेन शोधतो. त्या रात्री मी स्वतःची पॉलिसी काढून वाचायला बसलो. नात्यातल्याच एका एजंटानं ती मला दिली होती आणि त्या निमित्तानं नातंही टिकून होतं. त्यात कंपनी कशाकशाचे पैसे देणार नाही याची यादी सापडली. या यादीची भाषा आणि क्रमांक विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना सारखेच ठरवून दिलेत. नवव्या क्रमांकावर पेशा म्हणून केलेलं गिर्यारोहण, घोड्यांच्या शर्यती, आकाशातून उड्या वगैरे. दहाव्यावर गुन्हा करायच्या हेतूनं केलेलं कृत्य. बाराव्यावर दारू आणि नशापाणी. अठराव्यावर बाळंतपण. म्हणजे पेशानं गिर्यारोहक असलेला एक जण कड्यावरून पडला, दुसऱ्यानं दरोडा घालताना हात मोडून घेतला, तिसऱ्याचं पिऊन पिऊन लिव्हर गेलं आणि चौथी बाळंत झाली, तर चौघांनाही एकच उत्तर. अठराव्या कलमात एक अपवाद आहे. गर्भ गर्भाशयाबाहेरच राहिला तर त्या उपचाराला हे कलम आड येत नाही. गर्भानं पत्ता चुकवला तर भरपाई. नीट पत्त्यावर पोचला तर बाई आणि तिचा बाप बघून घेतील.

एजंट म्हणाला, "सर, विमा अचानक येणाऱ्या संकटासाठी असतो. बाळ ठरवून येतं." आमच्या गावातली किती बाळं ठरवून आली, याची चौकशी विमा कंपनीनं केलेली दिसत नाही. जास्तीचा हप्ता भरला तर काही पॉलिसींत बाळंतपण बसतं, पण त्यासाठी बऱ्याचदा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. इथं लग्नाला वर्ष झालं की सासू नवस बोलायला निघते. तिला चार वर्षांचा प्रतीक्षा कालावधी समजावून सांगेल, असा एजंट अजून जन्माला यायचाय.

जावयाच्या पॉलिसीत ही थांबाथांबी नव्हती. नोकरदारांच्या गटविम्याचा तो फायदा. अडचण निघाली वेगळीच. कॅशलेस दवाखान्यांच्या यादीत पुणे पानंच्या पानं होतं, कुंभार पिंपळगाव नव्हतं, घनसावंगीही नव्हतं. एक पॉलिसी म्हणे पुण्यात बाळंत व्हा, दुसरी म्हणे माहेरी. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आमचं काय न्हाई, पर पहिलं हाय, रीत मोडू नये." रीत मोडली तर खर्च त्यांच्याकडं गेला असता, हा निव्वळ योगायोग.

याच सुमारास आशाताई येऊन बसल्या आणि त्यांनी तिसरी पॉलिसी सांगितली. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत. सिझर झालं तरी मोफत. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त मोफत. नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात दिवस जेवण. न्यायला १०२ ची गाडी आणि परत सोडायलाही. पात्र असेल तर जननी सुरक्षेचे ७०० रुपये, पहिल्या बाळाला मातृवंदनेचे ५,०००, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हप्ता नाही, एजंट नाही, अठरावं कलम नाही. घरातल्या सगळ्यांनी ते मन लावून ऐकलं, आशाताईंना चहा दिला आणि त्या गेल्यावर एकमतानं ठरवलं की सरकारीत जायचं नाही. "इवायाला काय सांगायचं? लोक काय म्हणतील?"

मग जालन्यातला एक कॅशलेस दवाखाना सापडला. कॅशलेस असल्यामुळं आधी डिपॉझिट भरावं लागलं. "अप्रूव्हल आलं की परत मिळेल." अप्रूव्हलच्या आधी बाळ आलं, तेही सिझरनं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली आणि सरकारीतली १४.३ टक्के. बाळांनाही दवाखाना सरकारी की खासगी, ते आतून कळत असावं.

बिल पन्नास हजारांच्या पुढं गेलं. वरच्या रकमेखेरीज 'नॉन-पेएबल' म्हणून आणखी एक यादी हातात पडली. बाळाचा आहार, डायपर, सॅनिटरी पॅड, पट्टा, कापसाच्या काड्या, मिनरल वॉटर, यांचे पैसे विमा देत नाही. बाळंतपणात बाळ असतं ही गोष्ट कंपनीला तत्त्वतः मान्य नसावी. त्या यादीत सौंदर्यसेवाही होती. टाके पडलेल्या कुठल्या बाळंतिणीनं फेशियल मागितलं होतं, हे विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात नातीला घेऊन वॉर्डातल्या मावशी दारात उभ्या राहिल्या. बाळ त्यांच्या हातात, हात मागं. "लक्ष्मी आली, आजोबा. पोरगा असता तर दुप्पट घेतले असते." जगातली ही एकच मुलींसाठीची सवलत मी रोख भरून मिळवली. पावती मागितली नाही.

न्यू जर्सीत पुतणी आहे. तिकडं अनेक पॉलिसींत बाळंतपण घालणं कायद्यानंच सक्तीचं केलंय. तिनं २०२२ च्या एका अभ्यासातले आकडे सांगितले: मोठ्या कंपन्यांच्या विम्यात गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे उपचार मिळून सरासरी खर्च १८,८६५ डॉलर, पैकी बाईच्या खिशातून २,८५४. एवढा विमा असूनही तिच्या बाळंतपणाला माझी वहिनी सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी डिंक, खारीक, हळीव आणि बाळंतशोपा घेऊन विमानात बसलीच. माहेर कंपनीचं संरक्षण जगभर लागू आहे. फक्त विमानतळावर पावडरीचे डबे उघडून दाखवावे लागतात.

दवाखान्याचं बिल भरून घरी आलो तेव्हा वाटलं, सुटलो. सौ. म्हणाली, "आत्ता कुठं सुरू झालंय." साजूक तूप, बदाम, गोडंबी, मालिशवाली, शेकाची शेगडी, सटवाईच्या रात्रीची पूजा, बारसं, वाळे, बिंदल्या, कमरेची साखळी, विहीणबाईंची साडी, विहीणबाईंच्या जावेची साडी, आणि पाठवणीला बाळंतविडा. या सगळ्याला कुठलीच यादी लागू नव्हती. बेरीज केली तेव्हा दवाखाना स्वस्त वाटायला लागला.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांना बाळंतपणात मदत देणारं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. हा भार बराचसा सरकारनं उचलावा, कारण त्यात देशाचं हित आहे, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला. आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य, त्यामुळं तो इथवर आला नाही. निजाम गेला, १९६१ चा कायदा आला, २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आमच्या उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला मात्र अजून रजा नाही, खाडा आहे, आणि तो उचलीतून कापला जातो. तिच्या माहेराला बँक पीककर्जही देत नाही, कारण शेतच नसतं. आणि ज्यांना शेत आहे, त्या आम्ही बाबासाहेबांनी सरकारच्या खांद्यावर द्यायला सांगितलेला भार पुन्हा मुलीच्या बापाच्या डोक्यावर ठेवला आणि त्याला रीत म्हणालो.

आता लेकीला पुन्हा दिवस गेलेत. रिवाजानं दुसरं बाळंतपण सासरी. विहीणबाईंचा फोन आला, "दुसरंबी तिकडंच करा म्हणते मी. तिला माहेरीच बरं वाटतंय." मी म्हणालो, "अवश्य. पण यंदा सरकारी दवाखान्यात. आशाताईंकडं नाव घातलंय." पलीकडं शांतता पसरली. मग आवाज आला, "पर लोक काय म्हणतील?"

फोन स्पीकरवर होता. माझ्या आईनं सहा लेकरं घरातच जन्माला घातली. सुईणीला दर वेळी लुगडं, खण आणि पायलीभर ज्वारी दिली की हिशेब मिटायचा. ती शेंगा निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "इहीणबाई, ज्यो म्हणंल त्याचं नाव लिहून ठिवा. बिल आलं की निम्मं त्याच्याकडं पाठवू."