हातचं राखणारा

फुलंब्रीत विकेटकीपर गल्लोगल्ली सापडतात; फुटबॉलचा गोली मात्र शोधावा लागतो, आणि सापडतो तो मैदानावर नाही, न्हाणीत. घमेल्यात कोमट पाणी, पाण्यात बुडवलेले दोन ग्लोव्हज आणि त्यांवर ओणवा झालेला हा. साबण नाही, पावडर नाही, ब्रशचं तर नावच काढू नका. नुसत्या अंगठ्यानं तळव्यातली माती हळूहळू सोडवायची. पिळायचं नाही, दाबायचं. आजी दारातून विचारते, "कुणाचं बाळंतपण करू ऱ्हायला रं?" तो उत्तर देत नाही. लेटेक्स आजीला समजावून सांगायचा नाद त्यानं केव्हाच सोडलाय.

ही जमात आमच्याकडे तशी नवीच. 15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक तोंडावर आलेला असताना, सरकारनं 'मिशन वन मिलियन' काढून राज्यभरच्या पोरांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावलं. शाळांना चेंडू मिळाले. ज्याला पळायचा कंटाळा, त्याला दोन दगडांच्या मधे उभं केलं गेलं. त्यातल्या काहींना उभं राहण्याचीच गोडी लागली. आमचा गोली त्या पिकातला. पुढं कपाशीचे पैसे हातात आले त्या आठवड्यात त्यानं ऑनलाइन ग्लोव्हज मागवले आणि वडिलांना सांगितलं, "थंडीचे हातमोजे आहेत." किंमत वडिलांना अजून कळलेली नाही, म्हणून घर शांत आहे.

त्याचं शास्त्र मात्र चोख, हे कबूल करायला हवं. तळव्यावरचा फोम जितका मऊ, तितकी पकड जबरी आणि आयुष्य कमी. तो किंचित ओला असला तर चेंडू धरतो, कोरडा पडला की चेंडू निसटतो. उन्हात वाळवला की कडक होऊन भेगाळतो. तळव्याला तळवा लावून ठेवलात तर दोन्ही चिकटतात आणि सोडवताना साल निघते. म्हणून धान्याच्या खोलीत, सावलीला, त्याचे ग्लोव्हज रुसलेल्या जावांसारखे एकमेकांकडे पाठ करून टांगलेले असतात. ऐन मे महिन्यात, गल्ली टँकरची वाट बघत असताना, घमेलंभर पाणी ग्लोव्हजच्या वाट्याला जातं. आई बोलत काहीच नाही, भांडी तेवढी जोरात आदळते.

अडचण एकच. हे सगळे नियम हिरवळीवर खेळणाऱ्यांनी केलेले आणि मैदान आमचं मुरमाचं. इथं एक डाइव्ह मारली की तळव्याचा एक थर गेलाच. मग गोली डाइव्ह मारत नाही. खालून आलेला चेंडू तो पायानं अडवतो, मधला छातीनं, आणि वरचा गोलात जाईपर्यंत नजरेनं सोडत नाही. चुकून पडलाच तर उठताना तळवे टेकवत नाही, मुठींवर उठतो. पुस्तकी सल्ला तसाच आहे. पण मुठींवर उठायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरचा पोरगा रिबाउंडवर गोल करून नाचत परतलेला असतो.

"अबे, हात लाव ना!" कॅप्टन ओरडतो.

"प्रॅक्टिस मॅच आहे," गोली सांगतो.

मोठे गोली सरावाला वेगळी आणि सामन्याला वेगळी जोडी वापरतात, हे त्यानं यूट्यूबवर पाहिलंय. त्याच्याकडेही दोन जोड्या आहेत. पहिली जुनी, म्हणून जीव जडलेला. दुसरी नवी, म्हणून फायनलसाठी राखलेली. टीम फायनलला जात नाही. का जात नाही, हा विषय त्याच्यासमोर कुणी काढू नये.

बाकी थाट बघावा तर शिट्टी वाजण्याआधी. भलेभले गोली तळव्यावर थुंकतात. याला ते गावंढळ वाटतं. सलूनवाल्याकडून मागून आणलेली फवाऱ्याची बाटली खांबाशी ठेवलेली असते. दोनदा डाव्यावर, दोनदा उजव्यावर. मग ओलावा मुरेपर्यंत रेफरीनं थांबावं अशी त्याची अपेक्षा असते.

शेवटी कॅप्टननं त्याला पोर्तुगालच्या गोलीची, रिकार्डोची गोष्ट ऐकवली. 2004 च्या युरोत, लिस्बनला, पोर्तुगाल विरुद्ध इंग्लंड. शूटआउटमधे रिकार्डोनं ग्लोव्हज काढून टाकले, उघड्या हातांनी व्हॅसेलची पेनल्टी अडवली आणि लगेच स्वतः किक मारून सामना जिंकून दिला. "ग्लोव्हज घालायलाच पाहिजेत असा नियमही नाही," कॅप्टननं वर जोडलं.

गोली गंभीर झाला. बराच वेळ विचार करून त्यानं विचारलं, "काढून टाकले ते कशावर? गवतावर का मातीत?"