आणखी एक हात

गल्लीतल्या एखाद्या दुकानाच्या पाटीवरचा रंग उडाला की तिथे एक गृहस्थ आपणहून उगवतो. तो पेंटर नसतो. पेंटर बोलवायचा म्हणजे पैसे मोजायचे, या विचारात दुकानदार असतानाच त्याचा जो मेहुणा, भाचा, भागीदार किंवा नुसताच शेजारी ‘त्यात काय!’ म्हणत पुढे सरसावतो, तोच हा. हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचा डबा आणायचा, अक्षरं काढून वर्तमानपत्रावर मांडायची, फुस्स करायचं आणि संध्याकाळी परत चिकटवायची. याला आपण डबाबहाद्दर म्हणू. मुंबईच्या डबेवाल्यांशी त्याचं नातं लावू नये. त्यांचा डबा ठरल्या वेळी काम तडीस नेतो. याच्या ओळखीच्या खुणा सोप्या आहेत. उजव्या हाताची तर्जनी कायम कुठल्या तरी रंगाची असते. वर्तमानपत्र अक्षरांपेक्षा नेहमी चार बोटं कमी पडतं, त्यामुळे पुढची दोन वर्षं दुकानाच्या पायरीवर अर्ध्या अक्षरांच्या रिकाम्या आकृत्या दिसत राहतात. आणि रंग वाळला का, हे तो अंगठा लावून बघतो, तेही अक्षराच्या बरोबर मध्यभागी. एवढं शुद्धलेखन तपासून केलेल्या पाटीवर शेवटी अंगठा उठतो तो असा. मात्र त्याचा खरा स्वभाव दिसतो तो काम बिघडल्यावर. रंग ओघळला, फाटला, सुरकुतला, पांढरा पडला किंवा पापडासारखा सुटून हातात आला, तरी त्याच्याजवळ उपाय एकच: आणखी एक हात मारू.

त्याला मूर्ख किंवा आळशी म्हणणं सोपं आहे, पण दोन्ही आरोप टिकत नाहीत. आळशी माणूस एकाच ‘क’वर रविवारभर सहा वेळा रंग मारत बसत नाही. आणि ‘आणखी एक हात’ हे मूर्खाचं तत्त्वज्ञानही नव्हे. ते आपल्या वाडवडिलांचं, चांगलं पारखून घेतलेलं शहाणपण आहे. फक्त ते भिंतीचं शहाणपण आहे. चुन्याच्या भिंतीला दर दिवाळीला एक हात द्यावा, ती तो पिऊन टाकते. भिंतीला बारीक छिद्रं असतात, चुना त्यांत शिरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो आणि जुन्या थराशी एकजीव होऊन बसतो. अशा घरात वाढलेल्या माणसाला थरावर थर चढला की काम पक्कं झालं असं वाटलं, तर त्यात त्याची चूक काय? लाकूड पितं, गिलावा पितो, पुठ्ठाही पितो. प्लॅस्टिक मात्र निर्व्यसनी आहे. अ‍ॅक्रिलिक, एबीएस किंवा सनबोर्डाचं अक्षर कितीही आग्रह केला तरी रंगाचा थेंब आत घेत नाही. त्याला रंग धरायला लावण्याचे सोपे मार्ग दोन: एक तर पॉलिश पेपरने घासून त्याच्या अंगावर बारीक ओरखडे काढायचे, म्हणजे रंगाला नख रोवायला जागा मिळते, नाहीतर प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर मध्ये घालायचा, जो दोघांचंही ऐकतो. बादल्या ज्याच्या बनतात त्या पॉलिप्रॉपिलीनवर तर अशा मध्यस्थाशिवाय रंग मुक्कामच करत नाही.

याचा पुरावा डबाबहाद्दराच्या हातातच असतो, फक्त तो उलटून बघत नाही. सुटलेला पोपडा घ्यावा आणि त्याची मागची बाजू उजेडात धरावी. ती आरशासारखी गुळगुळीत असते, हुबेहूब प्लॅस्टिकचा ठसा. म्हणजे रंग स्वतः कुठेही फाटलेला नाही, कच्चा पडलेला नाही. त्याने खालच्याला कधी धरलंच नव्हतं. आता यावर आणखी एक हात मारला की काय होणार? नवा रंग जुन्या रंगाला घट्ट मिठी मारणार, आणि दोघं मिळून आणखी जाड पोपडा होऊन पडणार. दुसरा पुरावा दुकानाच्या शटरवर असतो. त्याच डब्यातला उरलेला रंग त्याच हाताने घासलेल्या शटरच्या पट्टीवर मारलेला असतो आणि तो तीन पावसाळे जागचा हलत नाही. रंग तोच, हात तोच. बदललं ते फक्त अंग. स्प्रेच्या डब्याचं जन्मवृत्त बघितलं तर यात नवल वाटत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या सिकामोर गावी एडवर्ड सीमोर नावाच्या रंगवाल्याला रेडिएटरसाठी बनवलेला आपला अ‍ॅल्युमिनियम रंग लोकांना दाखवायचा होता. बायकोने सुचवलं की डब्यात भरून फवारून दाखवा. म्हणजे ही विद्या जन्मली ती धातूच्या सेवेसाठी. प्लॅस्टिकची पाटी तिच्या पत्रिकेत नंतर आली.

बाकीचे दोषही असेच आधी घडून गेलेले असतात आणि नंतर दिसतात. रंगात मध्येच गोल खड्डे पडून माशाच्या डोळ्यांसारखे बघत असतात, ते गाडीच्या पॉलिशमधल्या सिलिकॉनचे किंवा तेलकट बोटांचे डाग. वर कितीही रंग टाका, तो त्या जागेला अस्पृश्य मानून बाजूला सरतो. धुळीचे कण चिकटतात, कारण रंगाआधी कोरडा फडका जोरात फिरवल्याने प्लॅस्टिकवर वीज चढते आणि आसपासची सगळी धूळ दर्शनाला येते. ओघळ येतात, कारण फवारा अक्षराच्या अलीकडे सुरू करून पलीकडे सोडायचा असतो, आणि आपले बहाद्दर अक्षरावरच नेम धरून सुरुवात करतात, तेही वीतभर अंतर न ठेवता. पण सगळ्यांत प्रेक्षणीय प्रकार सुरकुत्यांचा. इनॅमलच्या अनेक डब्यांवर लिहिलेलं असतं की पुढचा हात एका तासाच्या आत द्या, नाहीतर एक-दोन दिवस थांबा. हे वाचताना माणसाला कंपनी आपली गंमत करते आहे असं वाटतं. तासाभरात चालतं, परवा चालतं, मग आज संध्याकाळी का नाही? कारण संध्याकाळी वरची साय धरलेली असते आणि खाली दूध कच्चं असतं. ताज्या रंगातला द्रव त्या सायीत शिरून तिला फुगवतो, तिला पसरायला जागा नसते, आणि क्षणात अक्षराला ऐंशी वर्षांचं वय येतं. डबाबहाद्दर नेमका संध्याकाळीच मोकळा असतो.

पावसाळ्यात आणखी एक नाटक होतं. लॅकरसारख्या झपाट्याने वाळणाऱ्या रंगातला द्रव उडून जाताना खालचा पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळं अक्षर ताक शिंपडल्यासारखं पांढुरकं होतं. कोकणपट्टीत गणपतीच्या आधीचा आठवडा हा या प्रयोगाचा हंगाम. त्याच आठवड्यात पूर्वी मंडळांच्या आरासीत थर्माकोलची अक्षरं असत, आणि पहिलाच फवारा बसताच ‘सुस्वागतम्’ डोळ्यांदेखत वितळून बसे, कारण रंगातला द्रव थर्माकोल खातो. २०१८ च्या राज्यातल्या बंदीने थर्माकोलचा हा छळ कायद्याने तरी थांबवला.

देवनागरीमुळे या सगळ्याला एक वेगळी धार येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मुदतीआधी अक्षरं उभी करायची घाई उडाली, आणि घाई हा डबाबहाद्दराचा राष्ट्रीय सण. रोमन लिपीत एखाद्या अक्षराचा रंग गेला तर ते फिकट दिसतं, बस. आपल्याकडे मात्रा, वेलांट्या, अनुस्वार ही बारीक चणीची मंडळी; त्यांना कोपरे जास्त, घासणं अवघड, आणि रंग सुटतो तो कोपऱ्यापासूनच. काळ्या पाटीवर काळ्या अ‍ॅक्रिलिकची सोनेरी केलेली मात्रा रंग टाकून मोकळी झाली की ती लांबून दिसेनाशी होते, आणि फरसाणवाल्याच्या ‘ताजी शेव’चं जे काही होतं ते वाचून गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. रंगाच्या दुकानाच्याच पाटीवर अनुस्वाराचा रंग उडाला तर ‘रंग’ जाऊन उरते ती रग. डबाबहाद्दराच्या अंगात ती भरपूर असते.

त्याच्या बाजूने तीन गोष्टी बोलता येतात. पहिली, की कधीकधी आणखी एक हात खरंच लागतो. मान्य. पिवळा आणि लाल हे झाकायला कमजोर रंग. काळ्या अक्षरावर पिवळा चढवायचा तर चार पातळ हात द्यावे लागतात, किंवा खाली आधी पांढरा. पण हा प्रश्न झाकण्याचा झाला, धरण्याचा नव्हे, आणि त्यातही ‘पातळ’ हा शब्द बहाद्दराला ऐकूच येत नाही. दुसरी, की हवामान आणि हलका माल यांना तो काय करणार? हवामान त्याच्या हातात नाही, हे खरं. पण भर आषाढात, गटारावरच्या पायरीवर, सकाळी सातला रंग न मारणं त्याच्या हातात होतं. हलक्या मालाचा मुद्दा शटरने निकालात काढलेला आहे. तिसरी सबब सगळ्यांत दणकट: वेळ कुणाला आहे? साबणाच्या पाण्याने धुवायला दहा मिनिटं, चारशे नंबरच्या पेपरने घासायला पंधरा, प्रायमर वाळायला अर्धा तास. आणि तो स्वतः दुरुस्तीत चार रविवार घालवतो. वेळ त्याच्याजवळ अमाप आहे. कमी आहे ती फक्त काहीच दिसत नसताना काम करत राहण्याची तयारी. घासलेलं अक्षर चकाकीही गमावून बसतं, आणि बघणारा विचारतो, ‘अहो, हे तर आणखी खराब झालं!’ फवाऱ्याचं तसं नाही. बोट दाबलं की जग बदललेलं दिसतं.

म्हणून बिघडलेल्या अक्षराचं काय करावं, हे त्याला सांगणं जड जातं, कारण पहिली पायरीच मुळी काहीही न करण्याची आहे. रंग पुरता कडक होऊ द्यायचा, कितीही दिवस लागोत. थिनरची बाटली लपवून ठेवायची, कारण थिनर रंगाबरोबर एबीएसही विरघळवतो, आणि लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या कडांमध्ये जो ताण राहिलेला असतो त्यावर थिनरच काय, स्पिरिटसुद्धा लागलं तर काचेला जावेत तसे बारीक तडे जातात. ओघळ आणि सुरकुत्या पाण्यात भिजवलेल्या पेपरने घासून सपाट करायच्या. पोपडे जिथे सुटतात तिथे प्लॅस्टिक दिसेपर्यंत मागे जायचं. मग धुणं, ओल्या फडक्याने पुसणं, प्रायमर, आणि अक्षराच्या पाठीवर एक छोटी चाचणी. त्यावर चिकटपट्टी लावून ओढायची; रंग पट्टीबरोबर आला नाही तरच पुढे जायचं. फवारे अगदी हलके, पहिल्या हातात तर खालचा रंग अर्धा दिसत राहिला पाहिजे.

डबाबहाद्दर हे सगळं शांतपणे ऐकून घेतो. पोपड्याची मागची बाजूही बघतो, मान हलवतो, ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणतो. मग डबा कानाशी नेऊन हलवतो. रंग संपत आला की आतली गोळी जास्तच खणखणीत वाजते. ‘आहे अजून,’ तो खुशीत सांगतो, ‘एका हातापुरता आहे.’