तिप्पट बंगल्याची दंडमीमांसा

दिवाणी आणि फौजदारी यांतील भेद कोकणात कोणाला शिकवावा लागत नाही. वेळणेश्वरपासून हेदवीपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या घराचा बांधावरून, वहिवाटीवरून किंवा सामाईक फणसावरून एकही दावा कोर्टात पडून नाही, ते घर एकतर नव्याने वसलेले असते किंवा निर्वंश तरी झालेले असते. त्यामुळे ज्यात तुरुंगाची भीती नसते आणि जे पैशांत, जमिनीत व पिढ्यांत मोजले जाते ते दिवाणी, ही व्याख्या येथे शाळेत जाण्यापूर्वीच पाठ झालेली असते. श्रीमंत राजकारण्यांना होणाऱ्या दिवाणी दंडाविषयी देशोदेशी जो वाद चालतो, त्याचे सर्वांत अधिकारी परीक्षण म्हणूनच विधी महाविद्यालयांत न होता शंकराच्या देवळाबाहेरच्या कट्ट्यावर होते, असे मानण्यास जागा आहे. हा किनारा ज्यात येतो तो गुहागर तालुका रत्नागिरी जिल्ह्यात असूनही लोकसभेसाठी रायगड मतदारसंघात मोडतो, ही गोष्टही या परीक्षणास पोषक ठरते. कारण पुढे ज्यांचे नाव येणार आहे ते नारायण राणे रत्नागिरी–सिंधुदुर्गचे खासदार असल्याने त्यांच्याविषयी या कट्ट्यावर काहीही बोलले गेले तरी खासदार निधीतून व्हायच्या स्मशानशेडला धोका पोहोचत नाही.

वादाचे मूळ भाष्य अमेरिकी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या एका कायद्यानुसार, व्यवसायात वारंवार कपट करणाऱ्यावर राज्याच्या ॲटर्नी जनरलला, म्हणजे तेथील महाधिवक्त्याला, दिवाणी दावा लावता येतो आणि त्यात कोणाचे नुकसान झाले हे सिद्ध करण्याची गरज नसते. या तरतुदीखाली महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर लावलेल्या दाव्याचा निकाल न्यायाधीश आर्थर एन्गोरॉन यांनी १६ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. मालमत्तेच्या किमती फुगवून बँकांकडून स्वस्तात कर्जे घेतली गेली, असा निष्कर्ष काढून सुमारे ३५.५ कोटी डॉलर भरण्याचा आदेश झाला आणि व्याज धरता ही रक्कम ४५ कोटींच्या पुढे गेली. ट्रम्प टॉवरमधील १०,९९६ चौरस फुटांचे राहते घर कागदोपत्री ३०,००० चौरस फुटांचे दाखवले गेले होते, हा त्यातील तपशील कोकणी बुद्धीला मुळीच पटण्यासारखा नाही. घर आहे त्याहून मोठे दाखवण्यात कसला शहाणपणा? या किनाऱ्यावर घरपट्टी लागू होताना पडवी, माडीवरची खोली आणि मागे पर्यटकांसाठी काढलेले संडास-बाथरूम हे सगळेच गुरांचा गोठा म्हणून दाखवण्याची परंपरा आहे. फ्लोरिडातील मार-ए-लागो या वाड्याची किंमत मात्र स्थानिक करनिर्धारकाच्या वहीत जास्तीत जास्त पावणेतीन कोटी डॉलर आणि कर्जासाठीच्या कागदांत बेचाळीस कोटींच्या वर होती, असे कळल्यावर परकेपणा निवळतो. सरकारला एक आकडा आणि बँकेला दुसरा ही रीत कोणत्याही शेतकी सोसायटीच्या सभासदाला समजावून द्यावी लागत नाही.

बचाव असा होता की बँकांचे पैसे व्याजासह फिटले, तक्रार करणारा कोणी नाही, तेव्हा हा दावा केवळ राजकीय सूड होय. वरिष्ठ न्यायालयाने २१ ऑगस्ट २०२५ रोजी जबाबदारीचा निष्कर्ष कायम ठेवला, परंतु अवाजवी दंडास मनाई करणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीचा आधार घेऊन दंडाची सगळी रक्कम रद्द केली, म्हणजे कपट शिल्लक राहिले आणि बिल फाटले. तोवर प्रतिवादी पुन्हा राष्ट्राध्यक्ष झालेले होते, आणि ऑक्टोबरमध्ये खुद्द जेम्स यांच्यावरच गृहकर्जात कपट केल्याचा खटला भरला गेला. आरोप ठेवणाऱ्या सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा ठरल्याने तो नोव्हेंबरमध्ये फेटाळला गेला. भाऊबंदकीच्या दाव्यात दुसऱ्या भावाने पहिल्यावर उलट दावा ठोकावा, हा क्रम चुकत नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण जुहूच्या ‘अधीश’ बंगल्याचे आहे. ते कपटाचे नसून नगररचनेच्या नियमभंगाचे आहे, हे आरंभीच नोंदवणे न्यायाचे होईल. न्यूयॉर्कात घर कागदावर तिप्पट झाले आणि जमिनीवर तेवढेच राहिले. जुहूत कागद जागच्या जागी राहिला आणि घर मंजूर क्षेत्राच्या तिप्पट झाले. राणे कुटुंबाशी संबंधित कंपनीच्या नावावरील या आठ मजली वास्तूत चटईक्षेत्राचा, म्हणजे भूखंडाच्या आकारावरून ठरणाऱ्या बांधकाम मर्यादेचा, आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा, म्हणजे भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधता येते हे ठरवणाऱ्या सीआरझेडचा, भंग झाल्याचे मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रमेश धानुका आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने २० सप्टेंबर २०२२ रोजी म्हटले, अनधिकृत भाग दोन आठवड्यांत पाडण्यास सांगितले आणि १० लाख रुपयांचा दंड केला. राणे त्या वेळी केंद्रात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग खात्याचे मंत्री होते, आणि बंगला यांपैकी कोणत्याच गटात बसत नसला तरी दंड मात्र पहिल्या गटात सहज बसत होता. वसूल होणारी रक्कम महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे गरिबांना फुकट वकील पुरवणाऱ्या संस्थेकडे, जायची होती.

या प्रकरणाचे खरे शास्त्रीय मूल्य दंडात नसून तारखांत आहे. महापालिकेची नोटीस फेब्रुवारी २०२२ मधली; तेव्हा राज्यात उद्धव ठाकरे यांचे सरकार होते, महापालिका शिवसेनेच्या हाती होती आणि आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये राणे यांना ठाकरे यांच्याविषयीच्या विधानावरून संगमेश्वर भागात अटक झालेली होती. नियमितीकरणाचा, म्हणजे झाले ते शुल्क भरून कायदेशीर करून घेण्याचा, पहिला अर्ज महापालिकेने जूनच्या आरंभी फेटाळला. ३० जूनला राज्यात सरकार बदलले. जुलैमध्ये दुसरा अर्ज झाला आणि ज्या महापालिकेला जूनमध्ये या भिंती बेकायदा दिसत होत्या तिनेच आता त्या अर्जाचा विचार करण्याची तयारी न्यायालयात दाखवली. सिमेंट तेच, विटा त्याच, मजलेही आठच. पावसाळ्यात कोकणात कातळ हिरवा होतो हे सर्वज्ञात आहे, पण जूनच्या पहिल्या सरींनी चटईक्षेत्र आकसते, याची नोंद तोवर कोणत्याही हवामानशास्त्रज्ञाने केलेली नव्हती. अशी मुभा दिल्यास शहरात सरसकट बेकायदा बांधकामांना उत्तेजन मिळेल, असे सांगून खंडपीठाने तो मार्ग बंद केला. हा विचार इतका सरळ होता की दोन्ही बाजूंच्या प्रवक्त्यांना त्यावर बोलण्यासारखे फारसे काही सापडले नाही.

बोलण्यासारखे होते ते ‘आत्ताच का?’ या प्रश्नावर. राणे यांच्या गोटातून ही कारवाई सुडाची असल्याचे सांगितले गेले, आणि वरील तारखा पाहता तसे कोणी म्हटल्यास त्याला अगदीच खोडून काढता येत नाही. गंमत अशी की सूड आणि सत्य एकाच वेळी खरे असू शकतात, एवढी साधी गोष्ट वादात कोणालाच परवडत नाही: एका बाजूला सूड दाखवून भिंती विसरायला लावायच्या असतात, तर दुसरीला भिंती दाखवून सूड. खाडीपलीकडच्या दापोलीत याच नाटकाचा प्रतिप्रयोग झाला. मुरुडच्या साई रिसॉर्टविरुद्ध भाजपचे किरीट सोमय्या मार्च २०२२ मध्ये प्रतीकात्मक हातोडा घेऊन निघाले. ते रिसॉर्ट ज्यांचे असल्याचा त्यांचा आरोप होता, ते तेव्हाचे मंत्री आणि रत्नागिरीचे पालकमंत्री अनिल परब यांनी ते आपले नसल्याचे सांगितले. दोन्ही ठिकाणी समुद्र एकच, सीआरझेड एकच. फक्त सूड कोणता आणि न्याय कोणता, यांच्या जागा अदलाबदल झालेल्या. न्यूयॉर्कचा महाधिवक्ता लोकांतून निवडून येतो आणि बड्यांना कोर्टात खेचण्याचे आश्वासन देऊन मते मागतो. महाराष्ट्राचा महाधिवक्ता राज्यपाल नेमतात आणि तो सरकारची बाजू मांडतो, त्यामुळे बड्यांच्या मागे लागण्याचे काम येथे हातोडेवाल्यांकडे आपसूक आले असावे.

ठाण्याचे शिवसेना आमदार प्रताप सरनाईक यांच्या गृहप्रकल्पावरील दंडाचे उदाहरण थोडक्यात उरकता येते, कारण त्याला न्यायालयाची गरजच पडली नाही. अनधिकृत बांधकामाबद्दल महापालिकेने लावलेला तीन कोटींहून अधिक दंड व त्यावरील व्याज जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच माफ केले. अमेरिकेत ज्यासाठी आठवी दुरुस्ती आणि शेकडो पानांचे निकालपत्र लागले, ते मंत्रालयात एका बैठकीत झाले. त्याच वर्षी जूनमध्ये सरनाईक माफी देणाऱ्यांना सोडून एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले आणि २०२४ च्या डिसेंबरात मंत्री झाले.

आता वेळणेश्वर. मुंबईतली नोकरी संपवून आलेल्या एखाद्या चाकरमान्याने नारळीच्या आगरात चिऱ्याच्या दोन खोल्या बांधून बाहेर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी लावली की बिनशेती परवानगीची, म्हणजे शेतजमीन अन्य कामासाठी वापरण्याच्या मुभेची, चौकशी सुरू होते. पंचनाम्याच्या दिवशी टेपचे एक टोक तलाठ्याच्या हाती आणि दुसरे मालकाच्या हाती असते. मालक ते भिंतीच्या कोपऱ्याला लावताना अंगठा असा ठेवतो की वीतभर भिंत अंगठ्याखालीच राहते, आणि तलाठी ते पाहूनही चहाचा पेला उचलतो. हीच येथील कपटाची कमाल मर्यादा. चिरा बिनपरवाना काढलेला निघाला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, आणि या पाचपटीवर दूरचित्रवाणीवर कधीही चर्चा होत नाही, कोणी सूड म्हणत नाही आणि कोणी हातोडा घेऊन निघत नाही. दंड भरला जातो, पावती सातबाऱ्याच्या पिशवीत जाते आणि पाटी उतरवून ती परड्यातल्या लाकडांवर पालथी घातली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘अधीश’चे अपील फेटाळले, मात्र बांधकाम नियमात बसवून घेण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली, आणि नोव्हेंबरमध्ये बंगल्याच्या वाढीव भागावर मालकांनीच हातोडा चालवायला घेतला. या घडामोडींचा वेळणेश्वरात जो व्यावहारिक अर्थ काढला गेला असेल तो न्यायालयाला अभिप्रेत नसावा. पहिला अर्ज नामंजूर झाला म्हणून पाटी उतरवण्याची घाई करू नये, दुसरा अर्ज आधी लिहून ठेवावा, त्यावरची तारीख मात्र कोरी सोडावी, आणि ती भरण्यापूर्वी तहसील कचेरीत न जाता मुंबईत कोणाचे सरकार येते आहे याची चौकशी करावी. आमदार बाजू बदलत असल्याचे कळल्यास अर्ज त्याच रात्री टपालात टाकावा.