दुर्गुणसंवर्धन : ऑनलाइन ठगांपासून बचावाची शास्त्रोक्त पद्धत

मराठी मध्यमवर्गीय घरात संस्कार म्हणून जे शिकवले जाते, म्हणजे साहेबाचा मान राखणे, आजचे काम आजच उरकणे, कोणी कागद मागितला की निमूटपणे काढून देणे आणि घरची अब्रू घरातच झाकणे, त्या सर्वांचा ऑनलाइन ठगांना मोठाच उपयोग होत असल्याने, बचावासाठी काही निवडक दुर्गुण अंगी बाणवणे अगत्याचे ठरते. लोभ हा दुर्गुण येथे मुद्दाम गाळला आहे, कारण त्याची जोपासना ठग स्वखर्चाने करतात. उरलेल्यांचा क्रम पुढीलप्रमाणे.

१. तुसडेपणा. याची गरज ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रसंगी पडते. पोलीस, सीबीआय किंवा कस्टम्सचा अधिकारी असल्याची बतावणी करून, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असे सांगत माणसाला व्हिडिओ कॉलसमोर तासन्‌तास बसवून ठेवणे, असे या प्रकाराचे स्वरूप असून भारतीय कायद्यात अशा अटकेची तरतूदच नाही. सुसंस्कृत गृहस्थ समोर खाकी गणवेश दिसताच बनियनवर सदरा चढवतो, दार लावून घेतो आणि ‘पडताळणी’साठी मुदतठेव मोडून रक्कम सांगितलेल्या खात्यात भरतो, तुसडा मनुष्य मात्र ‘काय ते पोलीस ठाण्यात येऊन बोलतो’ एवढे बोलून फोन आपटतो आणि अर्धवट राहिलेल्या वरणभाताकडे वळतो.

२. आळस. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर त्वरित संपर्क साधा’ अशा संदेशातील सगळा जोर ‘त्वरित’ या शब्दावर असतो, म्हणून तो ‘उद्या बघू’ म्हणून बाजूला सारणाऱ्याच्या घरात दुसऱ्या दिवशीही पंखा फिरताना आढळतो. अनोळखी क्रमांकावरून आलेल्या लग्नपत्रिकेलाही हाच नियम लावावा. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतील, तर ती पत्रिका नसून अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल असते आणि असे ॲप परवानगी मिळताच बँकेचे ओटीपी परस्पर वाचू शकते.

३. चिकटपणा. जुने लोखंडी कपाट ऑनलाइन विकायला काढल्यावर, आपण सैन्यात असून बदली झाल्याचे सांगणारा आणि घासाघीस न करता पूर्ण किंमत कबूल करणारा ग्राहक भेटला, तर त्याच्या उदारपणाचीच आधी शंका घ्यावी. तो पैसे ‘पाठवण्यासाठी’ क्यूआर कोड धाडतो आणि पिन टाकायला सांगतो. वस्तुतः यूपीआय पिन खात्यातून पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच लागत नाही. हातचा पैसा सुटताना ज्याचा जीव कासावीस होतो, तो पिन टाकण्यापूर्वी थबकतो, आणि तेवढे पुरते.

४. संशयीपणा. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर कर्ज उचलणे किंवा सिमकार्ड काढणे, यांसारख्या प्रकारांना ओळखचोरी म्हणतात आणि तिची सुरुवात पुष्कळदा झेरॉक्सच्या दुकानात विसरलेल्या आधारच्या प्रतीपासून होते. संशयी मनुष्य, जेथे चालेल तेथे, केवळ शेवटचे ४ अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ देतो. आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांवर बँकेतून पैसे काढता येत असल्याने आपले बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तपासतो. आणि चारही पतमापन कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल मागवून, न घेतलेले कर्ज त्यात बसले नाही ना, याची खात्री करतो.

५. निर्लज्जपणा. वरील चारही दुर्गुण अपुरे पडून फसवणूक झालीच, तर या पाचव्याचा आश्रय घ्यावा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवली जाते, त्यामुळे १९३० या मदतवाहिनीवर जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी ती वाटेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच ठिकाणचा असेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या ३ दिवसांत बँकेला कळवले, तर त्याला तोटा सोसावा लागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ठरवले होते. ओटीपी स्वतःच सांगून बसलेल्याचीही, बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीतून सुटका होते. तरीही अब्रूदार मनुष्य ‘सुनेला काय वाटेल’ या विवंचनेत आठवडा घालवतो. निर्लज्ज मनुष्य आधी १९३० ला फोन लावतो, मग बँकेला कळवतो आणि त्यानंतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपली फजिती सविस्तर लिहितो. त्यावर लोक हसतील ते हसतील. हसण्याने खात्यातली शिल्लक घटत नाही, गप्प बसण्याने मात्र घटते.