फॉर्म टिकतो, परवडत नाही

एखाद्या तरुण फॉरवर्डनं महिनाभर चांगलं खेळून दाखवलं, की दोन धंदे एकदम तेजीत येतात. एक, 'हा उद्याचा महान खेळाडू' म्हणणाऱ्यांचा. दुसरा, 'काही टिकत नाही हो' म्हणणाऱ्यांचा. यातला दुसरा धंदा जास्त सुरक्षित. जगात काहीच टिकत नसल्यामुळे 'टिकणार नाही' म्हणणारा माणूस आज ना उद्या बरोबर ठरतोच. भांडवल लागत नाही, सामना बघावा लागत नाही, फक्त वाट बघायची तयारी हवी. मुलगा पन्नाशीत गुडघे धरून उठायला लागला तरी हा माणूस म्हणू शकतो, 'बघा, मी म्हणालो नव्हतो?'

या धंद्याला शास्त्राचा आधारही मिळाला आहे. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तिघांनी फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाचे शॉट मोजून जाहीर केलं, की 'हात तापला आहे' हा प्रकार भ्रम आहे. लागोपाठ तीन शॉट पडले म्हणून चौथा पडण्याची शक्यता काही वाढत नाही. खेळाडू हसले, प्रशिक्षक हसले, पण विद्यापीठांत कुणी हसलं नाही. मग २०१८ साली मिलर आणि सानहुर्हो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की मूळ मोजणीच्या पद्धतीतच गोम होती. ती दुरुस्त केली, तर हात थोडाफार तापतो. म्हणजे फॉर्म टिकतो की नाही हे बाजूलाच राहिलं; तो मुळात असतो की नाही हे ठरवायला विद्वानांना तेहेतीस वर्षं लागली. तेवढ्या काळात खेळाडूंच्या तीन पिढ्या खेळून घरी गेल्या.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लाउरी मार्कानेन. देश फिनलंड, उंची सात फूट, आई आणि वडील दोघंही बास्केटबॉल खेळलेले. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीत, मिनेसोटानं त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं आणि त्याच रात्री शिकागोचा जिमी बटलर मिळवण्याच्या सौद्यात शिकागोला देऊन टाकलं. पहिल्याच हंगामात पठ्ठ्यानं ४१ सामन्यांत शंभर थ्री-पॉइंटर पूर्ण केले. इतक्या झटपट तोवर कुणी केले नव्हते. पुढच्या हंगामात, २०१९ च्या फेब्रुवारीत, तो सामन्यामागे सरासरी २६ गुण आणि १२ रिबाउंड काढत होता. वय वर्षं एकवीस.

झालं. चौकशी समिती बसली. एक गट म्हणाला, याच्यात दैवी अंश आहे. दुसरा म्हणाला, वाईट संघात कुणीही गुण काढतो. शिकागोचा संघ वाईट होता हे खरंच. त्या हंगामात त्यांनी ८२ पैकी ६० सामने हरून दाखवले. पण वाईट संघातल्या बाकीच्या दहा-बारा जणांनी हे 'कुणीही' गुण का काढले नाहीत, हा प्रश्न समितीपुढे आला नाही. विषयपत्रिकेवर नव्हता.

मग १ मार्चला अटलांटाशी सामना झाला. अठ्ठेचाळीस मिनिटांत निकाल लागला नाही म्हणून पाच मिनिटं जादा, मग आणखी पाच, मग आणखी, असं चार वेळा. शिकागोनं १६८-१६१ असा सामना जिंकला आणि मार्कानेननं ३१ गुण केले. महिनाअखेरीस सामना चालू असताना त्याच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि संघानं त्याला उरलेल्या हंगामापुरतं घरी बसवलं. तज्ज्ञांनी समाधानानं मान डोलावली. फॉर्म टिकला नाही. फॉर्मच्या मालकाला धाप लागली होती, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या हंगामात शिकागोचे प्रशिक्षक जिम बॉयलन यांनी शिस्तीचं मनावर घेतलं. खेळाडूंसाठी हजेरीचं पंचिंग मशीन बसवलं. खरोखरीचं. कोट्यवधी डॉलर घेणारे सात-सात फुटी गडी सकाळी येऊन गिरणी कामगारासारखं कार्ड पंच करू लागले. खेळाडू वेळेवर येऊ लागले की नाही ते सोडा, चेंडू मात्र मार्कानेनकडे वेळेवर येईनासा झाला. आदल्या वर्षी सामन्यामागे पंधराच्या वर शॉट मारणारा मुलगा आता बाराच्याही खाली आला. त्याचं काम असं ठरलं, की कोपऱ्यात उभं राहायचं. एनबीएच्या मैदानात तीन गुणांची रेषा समोरून पावणेचोवीस फुटांवर असते, कोपऱ्यात बावीसच फुटांवर. त्यामुळे ज्याच्याकडून फार अपेक्षा नाहीत त्याला कोपरा देतात. तिथे हात तयार ठेवून उभं राहायचं, आणि बाकीच्या चौघांना दुसरं काहीच सुचलं नाही तर ते चेंडू आपल्याकडे फेकतात.

शॉट कमी मिळाले, गुण कमी झाले. १८.७ वरून १४.७, तिथून १३.६. इयत्ता तिसरीच्या मुलालाही हा भागाकार जमावा. पण समितीनं निष्कर्ष काढला तो असा, की मुलाचा आत्मविश्वास गेला, भूक गेली आणि युरोपातली पोरं मुळात मऊच असतात. भूक गेलेल्या माणसापुढचं ताट कुणी उचललं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

२०२१ मध्ये त्याची रवानगी क्लीव्हलँडला झाली. तिथे आधीच दोन धिप्पाड गडी बास्केटखाली तंबू ठोकून होते, त्यामुळे सात फुटी मार्कानेनला बाहेरच्या बाजूला धाडलं. सरासरी १४.८. वर्षभरानं क्लीव्हलँडला युटाचा डॉनोव्हन मिचेल हवा झाला. बदल्यात त्यांनी भविष्यातले ड्राफ्टचे हक्क दिले, दुसरे खेळाडू दिले, आणि वर मार्कानेनला दिलं. वाण्याकडे सुटे नसले की तो हातावर चॉकलेट ठेवतो ना, तसं. सगळ्या चर्चा मिचेलच्या झाल्या. चॉकलेटची चव कुणी विचारली नाही.

योगायोग असा, की त्याच सप्टेंबरात हे चॉकलेट युरोपियन स्पर्धेत फिनलंडकडून खेळत होतं, आणि क्रोएशियाविरुद्ध त्यानं ४३ गुण ठोकले. युटाच्या व्यवस्थापनाला आनंद व्हायला हवा होता. पण युटाचा त्या वर्षीचा बेत वेगळा होता. त्यांनी आधी रूडी गोबेअरला विकलं, मग मिचेलला. जाहीरपणे कुणी काही म्हणालं नाही, पण अख्ख्या लीगला कळलं होतं, की हा संघ हरायला बसला आहे. कारण २०२३ च्या ड्राफ्टमध्ये फ्रान्सचा वेम्बान्यामा नावाचा अजस्र मुलगा यायचा होता, आणि एनबीएचा न्याय तेव्हा असा, की जो जास्त हरतो त्याला पहिली निवड मिळण्याची शक्यता जास्त. दुबळ्याला आधार मिळावा म्हणून केलेला नियम होता. आता एखाद्यानं आधार मिळावा म्हणून दुबळं व्हायचं ठरवलं, तर त्यात नियमाचा काय दोष?

पण युटानं दोन घोडचुका केल्या. विल हार्डी नावाचा चौतीस वर्षांचा प्रशिक्षक नेमला, आणि त्याला 'हर' असं स्पष्ट सांगितलं नसावं. हार्डीनं मार्कानेनला कोपऱ्यातून बाहेर काढलं. आता तो कोपऱ्यातून नुसता निघायचा. वाटेत सोबत्यानं अंगाची भिंत उभी केलेली असायची, तिला घासून वळायचा. मागे लागलेला बचावपटू त्या भिंतीवर आपटला, की हा जिथे चेंडू हातात पडेल तिथूनच उडून तीन गुण घ्यायचा. बचावपटू शहाणा निघाला आणि भिंतीला वळसा घालून पुढे येऊन उभा राहिला, की हा गर्रकन फिरून त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धावायचा आणि चेंडू वरून आत कोंबायचा. इकडे जावं तर तिकडून मार. त्या हंगामात त्याचे दोनशेच्या वर थ्री-पॉइंटर झाले आणि शंभराच्या वर डंक. एकाच हंगामात हे दोन्ही एनबीएच्या इतिहासात आधी कुणाला जमलं नव्हतं.

माणूस तोच. उंची तीच, हात तोच, मऊ युरोपही तोच. सरासरी २५.६.

युटानं पहिल्या तेरा सामन्यांपैकी दहा जिंकले. व्यवस्थापनाला घाम फुटला असणार. हरायला बसलेल्या संघात हा कोण उपटसुंभ! फेब्रुवारीत त्यांनी घाईघाईनं दोन-तीन जाणते खेळाडू विकून संघ पुन्हा रुळावरून खाली आणला, तरी ३७ सामने जिंकले गेलेच. वेम्बान्यामा सॅन अँटोनियोला गेला. मार्कानेनला ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यात सुरुवातीच्या पाचांत स्थान मिळालं, तेही घरच्या सॉल्ट लेक सिटीत, आणि वर्षातला सर्वाधिक सुधारलेला खेळाडू हा किताबही मिळाला. सुधारला कोण, तो की त्याला वापरणारे, याची नोंद करंडकावर नसते. हंगाम संपताच तो फिनलंडला गेला आणि तिथली सक्तीची सैनिकी सेवा सुरू केली. सैन्यात वेळेवर हजर राहावं लागतं. शिकागोचं पंचिंग मशीन असं कुठंतरी कामी आलं म्हणायचं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये युटानं त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे २३ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. फॉर्म टिकणार यावर इतका विश्वास! सही मात्र ६ ऑगस्टला न करता ७ ला केली. कारण अशा करारानंतर सहा महिने खेळाडूला विकता येत नाही, आणि एक दिवस थांबल्यामुळे फेब्रुवारीतली विक्रीची मुदत निसटली. त्या हंगामात आता त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग त्याला बसवलं.

म्हणजे अगदीच बसवलं नाही. कधी पाठ दुखली, कधी विश्रांती लागली. ८२ पैकी ४७ सामने खेळला, सरासरी १९. आता एनबीएनं २०२३ मध्ये असा नियम केला आहे, की मागच्या तीन हंगामांत ऑल-स्टार झालेल्या खेळाडूला संघानं उगाच बसवून ठेवायचं नाही. मार्कानेन २०२३ मध्ये ऑल-स्टार झालेला. म्हणजे चांगलं खेळल्याचा गुन्हा त्याच्या नावावर होताच. मार्च २०२५ मध्ये लीगनं युटाला एक लाख डॉलर दंड केला. करारातल्या एका वर्षाच्या सरासरी रकमेचा हा जेमतेम पावणेपाचशेवा भाग. कारखान्यात मशीन बंद ठेवायला इतकं स्वस्त कुठं पडत नाही.

दंड भरला, सामने हरले. ६५ हरले, १७ जिंकले. संघाच्या इतिहासातला सर्वांत वाईट हंगाम, आणि लीगमध्येही तळाचा क्रमांक. आता पहिली निवड आणि कूपर फ्लॅग हा हिरा आपलाच, असं समजून सॉल्ट लेकवाले सोडतीकडे डोळे लावून बसले. पण तळाच्या तीन संघांना पहिल्या निवडीची शक्यता तेव्हा प्रत्येकी चौदाच टक्के होती. चिठ्ठी निघाली डॅलसची, जिची शक्यता होती १.८ टक्के. युटाला पाचवी निवड मिळाली. तळाच्या संघाला याहून खालची निवड मिळूच शकत नव्हती. पासष्ट पराभवांची तपश्चर्या, आणि देव प्रसन्न झाला तो शेजाऱ्याला.

त्याच उन्हाळ्यात मार्कानेन पुन्हा फिनलंडच्या गणवेशात दिसला. युरोपियन स्पर्धेचा एक गट घरच्याच टाम्पेरेत होता. सुमारे ५६ लाख लोकवस्तीचा हा देश वाटेत सर्बियालाही हरवून पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला आणि शेवटी चौथा आला. फिनलंडला ड्राफ्टची सोडत नसते, हरून काही मिळत नसतं, त्यामुळे तिथे बिचाऱ्याला खेळू देतात. पुढे ऑक्टोबरात युटाकडून फिनिक्सविरुद्ध त्यानं जादा वेळेत गेलेल्या सामन्यात ५१ गुण केले. २०१९ च्या फेब्रुवारीत जो फॉर्म टिकणार नव्हता, तो साडेसहा वर्षांनी ५१ गुण काढत होता. मधल्या काळात कधी तो कोपऱ्यात होता, कधी बाकावर आणि कधी सौद्यातल्या सुट्या पैशांच्या जागी.

तेव्हा फॉर्मचा हवामान अंदाज देणाऱ्यांनी थोडा चष्मा बदलावा. मुलाच्या मनगटाकडे, भुकेकडे आणि बालपणाकडे बघताच आहात, ते चालू द्या. पण प्रशिक्षकानं त्याला मैदानात कुठं उभं केलं, चेंडू हातात किती वेळा दिला आणि मालकाला यंदा जिंकणं परवडतंय का, एवढे तीन कागदही तपासा. बहुतेक ठिकाणी उत्तर तिसऱ्या कागदावर मिळेल.

या सगळ्या हरण्यातून युटाला काय मिळालं, हे सांगायचं राहिलं. त्या पाचव्या क्रमांकावर त्यांनी एस बेली नावाचा मुलगा घेतला. वय त्या वेळी अठरा, आणि जागा कोणती? फॉरवर्ड. पोरगं गुणी आहे. कधी चार-सहा सामने छान खेळलं, की समिती पुन्हा बसेल आणि कुणीतरी तुमचंही मत विचारेल. तेव्हा त्याच्या फॉर्मबद्दल काही बोलू नका. युटाला त्या वर्षी किती सामने हरायचे आहेत, तेवढं फक्त विचारून घ्या.